शनिवारी दुपारी दीड ते साडेतीन तो हॉल आम्हाला द्या

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मागच्या सोमवारी आपल्या वाचनालयाच्या सूचनाफलकावर लागलेला कागद वाचला. दर शनिवारी संध्याकाळी वरच्या हॉलमध्ये भरणारी मुलांची ‘करून पाहा’ कार्यशाळा येत्या एक तारखेपासून बंद, आणि त्या वेळेत हॉल एका रोबोटिक्स क्लासला भाड्याने. कारणं दोन दिली आहेत. वाचकांना आवाजाचा त्रास होतो, आणि ‘सदर उपक्रमाचा वाचनाशी थेट संबंध नाही’.

मी आपला आजीव सभासद. गेली तीन वर्षं ही कार्यशाळा चालवणाऱ्या दोघांपैकी एक, आणि त्याआधी चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो. कार्यालयात रीतसर अर्ज देऊन आलो आहेच. हे वेगळं आणि खुलं लिहितोय, कारण पुण्यातल्या आणखी चार वाचनालयांच्या बैठकीत उद्या हाच विषय येईल आणि तिथेही कोणीतरी हेच वाक्य लिहील. आपल्या वाचनालयाचं नाव घालत नाही. घरातली गोष्ट आहे. ज्यांना कळायचं त्यांना सागवानी टेबलावरून कळेलच.

आधी त्या टेबलाचंच सांगतो. गरम सोल्डरिंग आयर्न स्टँडवरून घसरलं आणि देणगीत मिळालेल्या त्या टेबलावर आठ आण्याएवढा काळा डाग पडला. चूक माझी. स्टँड हलका होता, एकाने वायर ओढली, मी पाठमोरा होतो. पॉलिश पेपर मारून, वर फ्रेंच पॉलिश करून दिलं, तरी उजेडात तिरकं पाहिलं की दिसतो. तेव्हापासून सोल्डरिंग मुलांच्या हातात दिलेलं नाही आणि टेबलावर आधी प्लायवूड टाकतो. आवाजाचंही खरं आहे. वीस-बावीस मुलं, हातोडी, कानस, आणि कोणाचं काही चालू झालं की होणारा गलका. खाली वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांना संध्याकाळचे तेवढेच दोन तास मिळतात. त्यांची तक्रार रास्त आहे, तिच्यावर तोडगा पुढे मांडला आहे.

वाद आहे तो दुसऱ्या कारणाशी.

मागच्या पावसाळ्यात आम्ही मोटार केली. सगळ्यांत सोपी: दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल, त्यावर चिकटलेली चुंबकाची चकती, सेलच्या दोन्ही टोकांना रबरबँडने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, आणि पिनांच्या भोकांत अडकवलेलं वाइंडिंगच्या तारेचं गुंडाळं. तार २६ गेजची. स्केचपेनाभोवती दहा वेढे घ्यायचे आणि दोन्हीकडे दीड-दीड इंच टोक सरळ बाहेर ठेवायचं. तार तापकीर गल्लीत वजनावर मिळते, चुंबकं मी बुधवारी जुन्या बाजारात जाऊन फुटक्या स्पीकरमधली आणतो. सेल धरून एका मुलामागे पस्तीस-चाळीस रुपयांत काम होतं.

या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो, रंग तांबूस-लाल. तो खरवडल्याशिवाय वीज जात नाही, एवढं मी फळ्यावर लिहून दिलं. किती आणि कुठून खरवडायचं ते लिहिलं नाही. हा माझा नेहमीचा वात्रटपणा.

पाचवीतली एक मुलगी होती. तिने पॉलिश पेपरने दोन्ही टोकं चारी अंगांनी इतकी लख्ख केली की आमच्या टूलरूममध्ये तिचा जॉब तपासणीत पहिल्या फटक्यात पास झाला असता. गुंडाळं पिनांत बसवलं. ते दचकलं, थोडं वळलं, परत आलं आणि थरथरत उभं राहिलं. तिने सेल बदलला. चुंबक उलटं केलं. पुन्हा तेच. मग पेपर घेऊन टोकं आणखी घासली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा घाईचा. त्याने एक टोक कसंबसं साफ केलं, दुसरं वहीवर आडवं ठेवून त्याच्या फक्त वरच्या अंगावर ब्लेड फिरवलं, आणि ‘झालं’ म्हणाला. त्याचं गुंडाळं भिंगरीसारखं सुटलं. ही रडकुंडीला आली. मी हात मागे बांधून उभा, आणि खरं सांगतो, ते सोपं नसतं. सरतेशेवटी ती त्याच्या टेबलाशी गेली, त्याची तार बोटांत फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, “याची एका बाजूने लालच राहिलीये.”

पुढच्या शनिवारी ती आईची नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. एका टोकाच्या अर्ध्या अंगाला जपून रंग लावला, फुंकर घालून वाळवला आणि मोटार फिरवली. मला ही युक्ती सुचली नव्हती. मी आपली नवी तार कापून दिली असती.

घडतं ते असं. वीज वाहते तेव्हा ते गुंडाळंच चुंबक होतं आणि खालच्या चुंबकाच्या जोराने वळू लागतं. पण अर्धा फेरा झाला की तोच जोर त्याला मागे ओढतो. टोकं पूर्ण उघडी असली तर पुढे-मागे, पुढे-मागे करत ते जागच्या जागी थरथरतं. एक टोक अर्धं झाकलेलं असेल तर नेमक्या त्या उलट्या अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते, गुंडाळं आपल्या वेगानेच पुढे निघून जातं, आणि उघडं अंग पिनेला लागलं की पुन्हा धक्का. मोठ्या डीसी मोटारीत हेच काम कम्युटेटर करतो, आणखी नेटकेपणाने: तो वीज तोडून थांबत नाही, तिची दिशाच उलटवतो.

“पण अर्धंच का?” असं तिने विचारलं. मला उत्तर येत होतं, दिलं नाही. खाली ग्रंथपालबाईंकडे पाठवलं. बालविभागात विजेवर काही सापडेना. बाईंनी मोठ्यांच्या विभागातून, अगदी मागच्या भिंतीच्या कपाटातून एक पुस्तक धूळ झटकून आणलं. आत चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का १९९७ चा. तिच्या बालसभासदाच्या कार्डावर ते देता येईना, म्हणून माझ्या कार्डावर घेतलं, आणि दोनदा मुदत वाढवून घेतली. कम्युटेटरच्या चित्राच्या पानात तिने बसचं तिकीट खूण म्हणून घातलं होतं आणि ते पान ती दिसेल त्याला दाखवत सुटली. दिवाळीपर्यंत ते पुस्तक आणखी चार घरी जाऊन आलं. देवघेवीचं रजिस्टर आपल्याच कार्यालयात आहे, काढून पाहावं. पंचवीसेक वर्षं कपाटात पडलेलं पुस्तक एकाएकी का हिंडू लागलं, हे लिहायला त्यात रकाना नाही, एवढंच.

याहून थेट संबंध कसा असतो ते मला कळवावं.

आपल्या कार्यालयात डॉ. एस. आर. रंगनाथन यांची तसबीर आहे. दर १२ ऑगस्टला तिला हार घालतो, पेढे वाटतो. हा माणूस मुळात गणित शिकवणारा. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर ते १९२४ मध्ये शिकायला लंडनला गेले आणि तिथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. पट्ट्या त्याच, नटबोल्ट तेच, जोडणी बदलली की नवी वस्तू. पुस्तकांचे विषयही असेच सुटे भाग जोडून मांडता येतील, हे त्यांना त्या खेळण्यावरून सुचलं आणि पुढे त्यातून पुस्तकं विषयवार लावायची त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत उभी राहिली. ‘ग्रंथालय ही वाढती संस्था आहे’ हा त्यांच्या पाच नियमांतला शेवटचा नियम, १९३१ चा. आपल्या वार्षिक अहवालात तो दरवर्षी छापून येतो. नटबोल्टचा आणि वाचनाचा संबंध नाही, हा ठराव नेमका त्यांच्या तसबिरीखाली बसून झाला याची गंमत वाटते. अध्यक्षांनी राग मानू नये. आपण दोघं एकाच शाळेत एका बाकावर होतो.

मेकॅनो तेव्हाही महाग होता आणि आजही आहे. त्यावरचा स्वस्त उतारा काढणारा माणूस पुण्यातलाच म्हणायचा. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरीला. १९७८ मध्ये वर्षभराची रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे नि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी चौकोन, त्रिकोण, घरं, मनोरे उभे केले. पुढे २००३ नंतर दहाएक वर्षं ते पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात होते, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमची पहिली कार्यशाळा त्या काड्यांचीच होती. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण हटत नाही. एवढं हाताला कळल्यावर मुलं आपणहून जिन्यात जाऊन छपराच्या लाकडी कैच्या बघून आली आणि त्यात त्रिकोण किती यावर भांडली. भांडण अजून मिटलेलं नाही, कारण एक कैची पोटमाळ्याच्या फळ्यांआड जाते.

‘आयुका आहे ना, तिथे पाठवा’ असं एका सदस्यांनी मला सुचवलं. आयुकाबद्दल मला फार आदर आहे. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं त्यांनी वर्षानुवर्षं घेतली. तिथले संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर मुलांना सही देत नसत. एका पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देतो, असं सांगत. आपल्या जिन्याखाली जी प्रश्नपेटी आहे ती त्यावरूनच ठेवली. पण गणेशखिंडीला जायचं म्हणजे पेठेतल्या पोराला पीएमटी पकडायची, सोबत मोठं माणूस हवं, आणि त्या मोठ्या माणसाची शनिवारची दुपार बहुधा कोणाच्या तरी घरी पोळ्या लाटण्यात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर गेलेली असते. वाचनालयात ते पोर चप्पल घालून चालत येतं आणि जेवायच्या वेळेला घरी जातं.

आता रोबोटिक्स क्लास. रोबोटिक्सशी माझं भांडण नाही, चौतीस वर्षांतली शेवटची आठ मी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर काढली. त्या क्लासची माहितीसभा मी मागच्या रांगेत बसून पूर्ण ऐकली. प्रत्येक भाग साच्यात बसणारा, वायरींना रंग दिलेले, चुकीच्या जागी प्लग जाणारच नाही अशी सोय. पंधराव्या मिनिटाला गाडी चालते, मुलं टाळ्या वाजवतात, मग सगळं मोजून खोक्यात परत. छान आहे. पण जिथे चूक करायला जागाच ठेवलेली नाही, तिथे नेलपॉलिशची बाटली कशाला येईल? शिवाय महिन्याची फी आपल्या बालसभासदाच्या वार्षिक वर्गणीच्या कितीतरी पट आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं, ज्या शाळांना मिळालं त्यांचं भलं झालं. माझ्याकडे येणाऱ्यांतली बरीच मुलं तशा शाळांतली नाहीत.

खजिनदारांची ओढाताण मला दिसते. पुस्तकांच्या बांधणीचं बिल, विजेचं बिल, छपराची गळती. भाडं सोडून द्या असं मी म्हणणार नाही. १८४८ मध्ये या शहरात नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, आजचं पुणे नगर वाचन मंदिर, तेव्हापासून वाचनालयाचा व्यवहार एकच आहे: एका घराला न परवडणारी वस्तू सगळ्यांनी मिळून घ्यायची आणि फिरवायची. तेव्हा ती वस्तू छापील पुस्तक होती. आज पुस्तक निदान जुनं तरी अप्पा बळवंत चौकात मिळतं. मल्टिमीटर, चांगलं भिंग, हातड्रिल, छोटा वाइस या वस्तू कुठल्या घरात असतात?

आपल्याला मे महिन्यातली ती दुपार आठवत असेल. किंवा नसेल, कारण आपण तेव्हा घरी होता. सूर्य वर्षातून दोनदा पुण्याच्या अगदी डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. जुलैत ढग असतात, म्हणून मे. ग्रंथपालबाईंनी आपल्या जबाबदारीवर गच्चीची किल्ली दिली (हे लिहून त्यांना अडचणीत आणत नसेन अशी आशा). आम्ही पाण्याची बाटली, स्टीलचं फुलपात्र, पाइपचा तुकडा असं काय काय उन्हात उभं केलं. आवाजाची तक्रार ज्यांनी लेखी दिली आहे ते आजोबा जिना चढून ‘काय गोंधळ चाललाय’ म्हणून आले आणि थांबले. पाइपाला टेकू मिळेना, तर त्यांनी आपली काठी दिली. बारा वाजून एकतीस मिनिटांनी काठीची सावली काठीच्या बुडात गेली. आजोबा उन्हात टोपी काढून ते पाहत राहिले.

“मग बारा वाजता का नाही झालं?” असं एकाने विचारलं. कारण आपलं घड्याळ पुण्याचं नाहीच. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं. पुणे जवळपास चौऱ्याहत्तरवर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं धरली तर चौतीस होतात, आणि सावली गेली एकतिसाव्या मिनिटाला. उरलेल्या तीन मिनिटांचा हिशेब मी त्या मुलाशी उधार ठेवला आहे, आणि तो दर शनिवारी आठवण करतो.

माझा तोडगा त्या दुपारीच मला दिसला. गच्चीवर ते सगळं चाललं होतं तेव्हा खालचं वाचनालय बंद होतं. आपली वेळ सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ. पुण्यात दुपारी एक ते चार काय काय बंद असतं यावर परगावच्यांनी पुरेसे विनोद केले आहेत, आपण तर एक तास आधीच दार लावतो. रोज चार तास तो हॉल, ते पंखे, ती टेबलं कुलपात. शनिवारी शाळा सकाळच्या असतात, मुलं साडेबाराला जेवून मोकळी होतात. खाली वर्तमानपत्र वाचणारं कोणी नसतं. तर शनिवारी दीड ते साडेतीन हॉल आम्हाला द्यावा. किल्ली मी सही करून घेईन, सही करून परत देईन, शिपाईकाकांच्या वामकुक्षीला धक्का लागणार नाही. संध्याकाळी रोबोटिक्स क्लास येऊ दे, भाडंही येऊ दे. त्यांच्याकडून भाड्याबरोबर आपल्या बालसभासदांसाठी चार जागा विनाशुल्क मागून घ्याव्यात, देतील. त्यांच्या क्लासचा आवाज होतो की नाही ते आजोबा बघतीलच.

दुसरी मागणी पेट्यांची. मी पत्र्याच्या सहा पेट्या करून देतो, त्यावर दाखल क्रमांक घालावा. एकीत मल्टिमीटर, सेल, बल्ब आणि वायरी. एकीत भिंगं आणि आरसे. एकीत पक्कड, स्क्रूड्रायव्हर, फूटपट्टी, कानस. बाकीच्या तीन मुलांनाच विचारून भरू. पालकांची सही आणि थोडी अनामत घेऊन बालसभासदाच्या कार्डावर सात दिवसांसाठी, पुस्तकासारखीच, उशीर झाला तर पुस्तकासारखाच दंड. हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत बर्कलीच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७९ पासून कार्डावर हत्यारं उसनी मिळतात. आपल्याकडे वस्तू परत येणार नाहीत ही भीती एका सदस्यांनी बोलून दाखवली. काही हरवतील. पुस्तकंही हरवतात, म्हणून आपण देवघेव बंद केलेली नाही. पहिल्या वर्षीची तूट मी भरून देईन, तसं लेखी देतो.

मंडळाची सभा दहा तारखेला आहे असं कळलं. मला पाच मिनिटं बोलायला मिळाली तर येईन, नाही मिळाली तर हे पत्र वाचून दाखवावं.

एक काम मात्र सभेपर्यंत थांबण्यासारखं नाही. आमचं लोखंडी कपाट सूचना लागल्या दिवसापासून कुलूपबंद आहे आणि किल्ली कार्यालयात आहे. त्याच्या खालच्या खणात बुटांचा एक खोका आहे, वर सातवीतल्या एका मुलाचं नाव लिहिलेलं. आत पुठ्ठ्याची जेसीबी आहे. मेडिकलमधून आणलेल्या बिनसुईच्या सिरिंजा, सलाइनची नळी, नळीत पाणी. इकडची सिरिंज दाबली की तिकडे बकेट उचलली जायला हवी. त्याची तीन शनिवार उचलली गेली नाही, दांडा दाबला तरी बकेट जागची हलेना. परवा तो मला वाचनालयाच्या पायरीवर भेटला. म्हणाला, “काका, मला कळलंय. नळीत बुडबुडा राहिलाय. पाणी दबत नाही, हवाच दबतेय. खोका कधी मिळेल?”

तेवढा खोका काढून द्यावा.

आपला,
एक आजीव सभासद
(टेबलावरच्या डागाचा धनी)
पुणे